कानाने हार्प्सिकॉर्ड जुळवायचं: आधी मीनटोन, मग वालोत्ती

तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. तो कान एकदा तयार झाला की पियानोवर किंवा पेटीवर सी आणि ई एकत्र दाबताना काहीतरी चढं आहे हे जाणवतं. ते खरंच चढं असतं. आजच्या समान अंतराच्या पट्टीत हा गांधार शुद्ध गांधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट वर आहे (सप्तकाचे १२०० सेंट, शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १००). मधल्या सी-वर हा फरक सेकंदाला साधारण १० हेलकावे (आवाजाच्या चढ-उताराच्या लाटा) देतो.

सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या युरोपात कीबोर्डची वाद्यं सहसा असा गांधार घेऊन जुळवली जात नव्हती. फ्रेस्कोबाल्दी, स्वेलिंक, बाख, स्कार्लाती या संगीतकारांचं संगीत वेगळ्या जुळणीच्या वाद्यांवर घडलं. त्यातल्या मीनटोन आणि वालोत्ती या दोन जुळण्या कानाने कशा लावायच्या ते इथे सविस्तर दिलं आहे. हार्प्सिकॉर्ड किंवा क्लॅव्हिकॉर्ड (पियानोच्या आधीची तारांची कीबोर्ड वाद्यं) हाताशी असेल तर उत्तमच. नसेल तर डिजिटल कीबोर्डवरही बरंच काही ऐकता येतं, त्याचे आकडे शेवटी आहेत.

हिशोब कुठे बिघडतो

इथे गांधार, मध्यम, पंचम म्हणजे कोणत्याही सुरापासून मोजलेलं तेवढं अंतर. सी-पासून शुद्ध पंचमाने चढत गेलात, सी, जी, डी, ए, ई, तर चौथ्या पायरीवरचा ई शुद्ध गांधारापेक्षा २१.५ सेंट वर निघतो. तसेच बारा पंचम पूर्ण केलेत तर परत सी-वर येताना २३.५ सेंट जास्त झालेले असतात. या शिलकीला कॉमा म्हणतात. ती नाहीशी करता येत नाही, कुठेतरी जिरवावीच लागते. कोणत्या पंचमांनी किती सोसायचं हे ठरवणं म्हणजे टेम्परामेंट.

समान पट्टीत बाराही पंचम सुमारे २ सेंट सोसतात आणि सगळे गांधार सारखेच चढे होतात. मीनटोनमध्ये अकरा पंचम प्रत्येकी ५.४ सेंट आत येतात, म्हणजे शुद्धपेक्षा तेवढे लहान होतात. त्याच्या मोबदल्यात आठ गांधार पूर्ण शुद्ध मिळतात. उरलेला बारावा पंचम, जी शार्प ते ई फ्लॅट, जवळजवळ ३६ सेंट बाहेर फेकला जातो. तो अक्षरशः गुरगुरतो, म्हणून युरोपात त्याचं नावच ‘लांडगा’ पडलं. इटालियन संगीतशास्त्रकार पिएत्रो आरोन यांनी १५२३ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात शुद्ध गांधारावर बांधलेली अशी जुळणी सांगितली आहे.

नवशिक्याने मीनटोनपासूनच सुरुवात करावी, असं आमचं ठाम मत आहे. समान पट्टी कानाने लावणं सगळ्यात अवघड, कारण तिथे सप्तक सोडलं तर एकही अंतर शुद्ध नसतं. मीनटोनमध्ये अंदाज फक्त चार पंचमांचा घ्यायचा. बाकीचं सगळं शुद्ध गांधाराने लागतं, आणि शुद्ध म्हणजे काय ते कानाला लगेच कळतं.

हाताशी काय हवं

जुळवणीची चावी तुमच्या वाद्याच्या खुंट्यांना घट्ट बसणारी हवी. हार्प्सिकॉर्डच्या खुंट्या पियानोच्या खुंट्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे पियानोची चावी चालत नाही. सैल चावी खुंटीच्या कडा खाते आणि पुढे कोणतीच चावी धरत नाही. ए-चा ट्यूनिंग फोर्क ४१५ हर्ट्झचा घ्या. जुन्या संगीतासाठी आज हीच पट्टी रूढ आहे, आजच्या ४४०-पेक्षा अर्धा स्वर खाली. मेट्रोनोम हवा, फोनमधला चालेल. खुंट्यांवर पडेल असा दिवा आणि दोन-तीन जादा तारा जवळ ठेवा.

एक ताकीद: ४१५-साठी तारा चढवलेलं वाद्य ४४०-वर ओढू नका. बऱ्याच हार्प्सिकॉर्डच्या तारा तुटण्याच्या मर्यादेच्या जवळच ताणलेल्या असतात. आधी वरच्या सप्तकातल्या तारा जातात आणि त्या उसळून डोळ्याला लागू शकतात.

वाद्य त्याच खोलीत निदान एक रात्र राहू द्या. दमट हवेत साउंडबोर्ड (तारांखालची लाकडी फळी) फुगतो आणि सूर चढतात, कोरड्या हवेत उतरतात. पितळी आणि लोखंडी तारा गरमीने सारख्या सरकत नाहीत, त्यामुळे खर्ज आणि तार सप्तक यांची फारकत होते. पावसाळ्यात एसी चालू-बंद होणाऱ्या खोलीत सकाळची जुळणी संध्याकाळी सापडत नाही. एसी लावायचा तर जुळवण्याच्या काही तास आधीपासून वाजवणं संपेपर्यंत सलग राहू द्या.

चावी फिरवण्याची पद्धत

८ फुटी (पट्टीच्या नेहमीच्या उंचीवर वाजणाऱ्या) तारांचा एकच संच चालू ठेवा. दुसरा ८ फुटी आणि ४ फुटी (एक सप्तक वर वाजणारा) असतील तर ते बंद करा. चावी लावल्यावर प्रथम सूर किंचित खाली न्या. याची दोन कारणं आहेत. चुकून शेजारची खुंटी धरली असेल तर तार ओढली जाण्याआधी ते कळतं, आणि गंजाने चिकटलेली तार मोकळी होते. मग हवा तिथे वर आणा. चावी उभ्या रेषेत ठेवून फिरवा, बाजूला दाबू नका. दाबाने खुंटी वाकते, सूर बरोबर वाटतो आणि हात काढला की निसटतो. हार्प्सिकॉर्डवर केसभर फिरवलं तरी पुष्कळ होतं. सूर लागला की पट्टी दोन-तीनदा जोरात वाजवून बघा, टिकला तरच पुढे जा.

हेलकावे कुठे ऐकायचे

दोन सुरांच्या जोडीत हेलकावे ऐकताना नवशिक्या त्या दोन सुरांकडेच कान लावतो आणि त्याला काही सापडत नाही. ते वर असतात, दोघांच्या सामाईक उपस्वरात. एफ-सी या पंचमात ते वरच्या सी-च्या एक सप्तक वर ऐकू येतात. जी-सी या मध्यमात खालच्या जी-च्या दोन सप्तकं वर. एफ-ए या गांधारात ए-च्या दोन सप्तकं वर. त्या जागेची पट्टी एकदा हलकेच वाजवून सोडा, तो सूर मनात गुणगुणा आणि मग जोडी वाजवा. तिथे ‘वाँ-वाँ-वाँ’ ऐकू येईल. चावी हळू फिरवत गेलात की त्या लाटा लांबत जातात, शेवटची एक लाट अर्ध्यावर थांबते आणि दोन्ही सूर एकाच तारेतून आल्यासारखे होतात. तीच शुद्ध जागा. हार्प्सिकॉर्डचा नाद लवकर विरतो, म्हणून जोडी दर तीन-चार सेकंदांनी पुन्हा वाजवत राहा.

मीनटोन, पायरीपायरीने

काम मधल्या सी-च्या खालच्या एफ-पासून वरच्या एफ-पर्यंतच्या सप्तकात होतं. पुढे नुसतं नाव असेल तर ते याच सप्तकातलं समजा. मेट्रोनोमचे आकडे ए = ४१५-साठी आहेत, मिनिटाला एवढे हेलकावे. ए = ४४० असेल तर प्रत्येक आकड्यात ६ टक्के मिळवा.

१. फोर्कवरून मधल्या सी-च्या वरचा ए लावा, मग त्याच्या खालचा ए सप्तकाने शुद्ध.

२. ए-वरून एफ लावा. एफ-ए गांधार पूर्ण शुद्ध, एकही हेलकावा नको. पुढची सगळी जुळणी याच जोडीवर उभी राहणार आहे, म्हणून पाच मिनिटं लागली तरी चालतील.

३. एफ-वरून सी. आधी पंचम शुद्ध करा, मग सी किंचित उतरवा. मेट्रोनोम ९३.

४. सी-वरून खालचा जी. जोडी मध्यमाची आहे. शुद्ध करा, मग जी उतरवा. मेट्रोनोम १३९.

५. जी-वरून डी, पंचम. शुद्ध करून डी उतरवा. मेट्रोनोम १०४.

६. आता डी आणि ए वाजवून बघा, काही फिरवू नका. १५५-च्या आसपास हेलकावे आले तर चारही पंचमांत ओझं सारखं वाटलं गेलं.

लक्षात ठेवायचा नियम सोपा आहे: ३ ते ५ या पायऱ्यांत नवा सूर शुद्ध जागेपासून नेहमी खालीच जातो, जोडी पंचमाची असो वा मध्यमाची. सर्वांत जास्त होणारी चूक इथेच होते. हेलकाव्यांचा वेग बरोबर असतो पण सूर शुद्धच्या वरच्या बाजूला गेलेला असतो, आणि वेगावरून बाजू ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी आधी शुद्ध, मग खाली.

सहाव्या पायरीत हेलकावे फार जलद असतील तर डी वर राहिला आहे, म्हणजे आधीचे पंचम पुरेसे आत घेतले नाहीत. फार संथ असतील किंवा थांबलेच असतील तर डी जास्त उतरला आहे. एफ आणि ए-ला हात लावू नका. सी, जी, डी या तिघांतच फरक वाटून घ्या. फक्त डी हलवून शेवटचा आकडा जमवलात तर जी-डी जोडी बिघडते आणि पुढे जी-वरून लागणारे सूरही तिच्यामागे फसतात.

एवढं झालं की अवघड भाग संपला. राहिलेले सात सूर शुद्ध गांधाराने लावा: सी-वरून ई, जी-वरून बी, डी-वरून वरचा एफ शार्प, ए-वरून सी शार्प, ई-वरून वरचा जी शार्प. मग उलट दिशेने: डी-च्या खाली गांधाराच्या अंतरावर बी फ्लॅट. शेवटी जी-वरून वरचा जी सप्तकाने लावून त्याच्या खाली ई फ्लॅट. एफ शार्प आणि जी शार्प कामाच्या सप्तकाबाहेर लागले आहेत, त्यांना सप्तकाने खाली आणा.

पडताळणीसाठी ए-ई पंचम वाजवा, ११६ हेलकावे यायला हवेत. वरचा एफ सप्तकाने लावून बी फ्लॅट-एफ घ्या, तिथे १२४. यातली एखादी जोडी अगदी शांत किंवा फार उतावळी वाटली तर तिच्यातला गांधार पुन्हा तपासा. डी-एफ शार्प-ए ही त्रयी वाजवली तर ती स्थिर, जवळजवळ ऑर्गनसारखी उभी राहते. मग जी शार्प-ई फ्लॅट एकदा मुद्दाम वाजवा. लांडगा ओळखीचा असलेला बरा.

मीनटोनमध्ये काय वाजत नाही

या जुळणीत काळ्या पट्टीला दोन नावं चालत नाहीत. जी शार्प म्हणून लावलेली पट्टी ए फ्लॅट म्हणून वापरली तर ती ४१ सेंट खाली आहे, हा फरक जवळजवळ पाव स्वराचा. बी-ई फ्लॅट, एफ शार्प-बी फ्लॅट, सी शार्प-एफ आणि जी शार्प-सी हे चार गांधार म्हणून वापरण्याजोगे नाहीत. म्हणून चावी उचलण्याआधी रचनेची पानं चाळा आणि ए फ्लॅट, डी शार्प, ए शार्प कुठे आहेत ते बघा. रचनेत डी शार्प असेल आणि ई फ्लॅट नसेल, तर बी-वरून शुद्ध गांधाराने डी शार्प लावा आणि वाद्यावरच्या त्या नावाच्या सगळ्या पट्ट्या सप्तकाने बदला. पाच मिनिटांचं काम आहे, त्या काळचे वादकही ते करत.

दुसरा उपाय काळी पट्टी दुभागण्याचा. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये १६८०-च्या दशकात बर्नार्ड स्मिथ यांनी बांधलेल्या ऑर्गनला जी शार्प-ए फ्लॅट आणि डी शार्प-ई फ्लॅट यांच्यासाठी अशा दुभंगलेल्या पट्ट्या होत्या. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींची पेटी करवून घेतली, ती याच अडचणीपोटी. सप्तकात बाराच सूर असले की शुद्ध अंतरं सगळीकडे पुरत नाहीत.

वालोत्ती: सगळ्या स्केलमध्ये फिरायचं असेल तेव्हा

बाख, हँडेल, स्कार्लाती वाजवायचे तर मीनटोन अपुरं पडतं. बाखने १७२२ साली चोवीसही मेजर-मायनर स्केलमधल्या रचनांचा संग्रह केला. ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’ या त्याच्या नावातलं ‘वेल-टेम्पर्ड’ म्हणजे समान पट्टीच, असा समज पसरला आहे, पण ते तेवढं सरळ नाही. त्या काळी सगळ्या स्केलमध्ये चालणाऱ्या आणि तरीही असमान अशा अनेक जुळण्या होत्या. जर्मन ऑर्गनवादक आंद्रेआस वेर्कमाइस्टर यांनी १६९१ साली छापलेली एक त्यांतली प्रसिद्ध.

शिकायला सर्वांत सोपी इटलीतल्या पदुआच्या फ्रान्चेस्को आंतोनियो वालोत्ती (१६९७-१७८०) यांच्या नावाची. तिच्यात एफ-सी-जी-डी-ए-ई-बी हे सहा पंचम प्रत्येकी ३.९ सेंट आत, उरलेले सहा पूर्ण शुद्ध. लांडगा नाही. सी, एफ, जी यांचे गांधार शुद्धपेक्षा फक्त ६ सेंट चढे. जसजसे काळ्या पट्ट्यांकडे जाल तसतसे ते ताणत जातात आणि बी, एफ शार्प, सी शार्प यांच्यावर २१.५ सेंटपर्यंत पोहोचतात. त्यामुळे स्केल बदलली की रंगही बदलतो. समान पट्टीत ही चव मिळत नाही.

आता कृती. ए वरच्यासारखाच लावा. एफ आधी ए-शी शुद्ध करा आणि मग किंचित उतरवा, इतका की एफ-ए जोडीला मेट्रोनोम १६८ हेलकावे येतील. पुढे तोच रस्ता, फक्त लाटा संथ: एफ-सी ६७, सी-जी १०१, जी-डी ७५, आणि पडताळणीला डी-ए ११३. नंतर ए-ई ८४ आणि ई-वरून खालचा बी १२६. या दोन पायऱ्यांतही नवा सूर शुद्ध जागेच्या खालीच.

इथून पुढे सगळं शुद्ध. बी-च्या खाली मध्यमाने एफ शार्प, त्याच्या वर पंचमाने सी शार्प, त्याच्या खाली मध्यमाने जी शार्प. दुसऱ्या टोकाने एफ-वर मध्यमाने बी फ्लॅट आणि त्यावर मध्यमाने ई फ्लॅट. शेवटी जी शार्प-ई फ्लॅट वाजवा. ही जोडी तुम्ही लावलेली नाही, तरी ती शांत यायला हवी. आली तर सगळं वर्तुळ बसलं. संथ लाट उरली असेल तर ती शुद्ध जोड्यांतल्या बारीक चुका जमून आलेली असते, बहुधा बी-एफ शार्पपासून. लाट चांगली जलद असेल तर आत घेतलेल्या सहा पंचमांपैकी एखादा चुकीच्या बाजूला गेला आहे. मग परत ए-पासून सुरू करा. मधूनच दुरुस्त करत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

बाकीचं वाद्य

मधलं सप्तक लागलं की तिथून वर आणि खाली शुद्ध सप्तकांनी जा. प्रत्येक सूर सप्तकाबरोबर पंचमाशीही ताडून बघा. तार सप्तकात नुसत्या सप्तकावर कान फसतो. मग दुसरा ८ फुटी संच चालू करून पहिल्याशी एकसूर करा आणि शेवटी ४ फुटी संच. वाद्य आधीच १०-१५ सेंटपेक्षा जास्त हललेलं असेल तर आधी एक भरभर फेरी करा आणि मग दुसरी नीट. एकदम जास्त ताण बदलला की साउंडबोर्ड सरकतो आणि पहिल्यांदा लावलेले सूर मागे राहतात. अशा वेळी एकाच फेरीत नेटकं करायला गेलात तर शेवटी ए फोर्कशी जुळत नाही.

डिजिटल कीबोर्ड आणि ट्यूनरसाठी

बऱ्याच डिजिटल पियानोंच्या मेनूत मीनटोन, वेर्कमाइस्टर, किर्नबर्गर ही नावं असतात. तिथे मूळ स्वर सी ठेवा, नाहीतर लांडगा भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. स्केल ट्यूनिंगची सोय असलेल्या कीबोर्डवर पुढचे आकडे भरा. समान पट्टीपासूनचा हा फरक सेंटमध्ये, ए शून्य धरून आहे.

मीनटोन: सी +१०, सी शार्प −१४, डी +३, ई फ्लॅट +२१, ई −३, एफ +१४, एफ शार्प −१०, जी +७, जी शार्प −१७, ए ०, बी फ्लॅट +१७, बी −७.

वालोत्ती: सी +६, सी शार्प ०, डी +२, ई फ्लॅट +४, ई −२, एफ +८, एफ शार्प −२, जी +४, जी शार्प +२, ए ०, बी फ्लॅट +६, बी −४.

काही तक्ते सी शून्य धरून छापलेले असतात. ते तसेच भरले तर मीनटोनमध्ये ए १० सेंट उतरतो आणि ४१५-च्या जागी ४१२.५ होतो, मग बासरीवाल्याशी जमत नाही. दुसरा घोटाळा नावाचा. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांची जुळणी वालोत्तीसारखीच आहे पण एक पंचम सरकलेली, आणि काही ॲपमध्ये दोघांची नावं जोडून येतात. एफ-ए आणि सी-ई सारखेच मऊ असतील तर ती वालोत्ती. एफ-ए थोडा जास्त चढा असेल तर यंग.

घरच्या पियानोवर किंवा पेटीवर हे प्रयोग करू नका. पियानोत बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात आणि ताण प्रचंड, ते काम जाणत्या ट्यूनरचं. पेटीत तर पितळी सुरी (आवाज देणारी रीड) घासावी लागते, आणि घासून गेलेलं पितळ परत येत नाही.